बारा मारेकऱ्यांची म्हातारी

सोमवार, ११ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि आज वाचनालयात नव्या पुस्तकांचं खोकं आलं. खोकं फोडायचा मान माझा. केडगावच्या या वाचनालयात संध्याकाळी चार ते सात ग्रंथपाल मी, शिपाई मी आणि पेपरवरून भांडणाऱ्या म्हाताऱ्यांचा पंचही मीच. पन्नास पुस्तकांत तीस स्पर्धा परीक्षेची, दहा श्रीमंत कसं व्हावं याची. तळाशी एक किडकिडीत पुस्तक सापडलं. 'उतरंडगडचे बारा मारेकरी'. पानं ब्याण्णव, लेखक त्रिंबक काळोखे. हे काळोखे कोण, मी कधी नाव ऐकलेलं नाही. मुखपृष्ठावर एक मिशाळ माणूस, त्याच्या एका हातात खंजीर आणि दुसऱ्या हातात लसणाचा गड्डा.

शिक्का मारायला म्हणून उघडलं आणि पहिलं पान वाचलं. शिक्का मारायचा राहिला तो राहिलाच. पुस्तक नोंद न करता पिशवीत घातलं आणि घरी आणलं. सहा वर्षांच्या नोकरीतली ही पहिली चोरी.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दोन दिवसांत दोनदा वाचून झालं. आज दुपारी भांडी घासताना मधेच हसू फुटलं, तर आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "काय झालं गं?" काही नाही म्हटलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सिंधूबाई. आमच्या बोलण्याची लांबी साधारण एवढीच असते.

गोष्ट अशी. उतरंडगडाच्या दारात एक म्हातारी बसते. ती बसली आहे तोवर राजाला कुणी विचारत नाही. म्हणून राजा मारेकऱ्यांच्या आखाड्यातून एकेक पठ्ठ्या पाठवतो. पहिला विष घेऊन येतो. म्हातारी म्हणते, "आलाच आहेस तर बस, एवढा लसूण सोल." लसूण सोलून होईस्तोवर त्याचं विष नासतं. दुसरा मंत्र म्हणून अदृश्य होऊन येतो. म्हातारी म्हणते, "दिसत नसलास तरी हात आहेत ना? मग घागर उचल." तिसरा छपरावरून तिच्या डोक्यात भोपळा सोडणार असतो. त्याला ती म्हणते, वर चढलाच आहेस तर चार कौलं नीट बसव. चौथ्याचा नाग तिच्या मांडीवर झोपतो तो उठेचना. असे बाराच्या बारा कामाला लागतात, आणि गडावर कधी नव्हे इतकी स्वच्छता होते.

भोपळ्यापाशी मी हसता हसता गप्प झाले. कारण भोपळा माझा आहे.

आज सगळं लिहून टाकते. अकरा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, आप्पांना म्हणजे माझ्या वडिलांना पाबळच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी निरोप आला होता, पण घाबरण्यासारखं नाही असंच कळलं होतं. रानात दोन एकर झेंडू उभा, बाजार दसऱ्याचाच. सकाळी आठला मी बांधावर जाऊन आत्यांना विचारलं, मी जाऊन येऊ का. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फुलं तोडून जा." फुलं तोडली, टेम्पो भरला. दोन वाजता भावाचा फोन आला की आप्पा एक वाजता गेले. चारला पोचले तेव्हा माझ्यासाठी थांबवून ठेवलेलं होतं.

त्या वर्षी मी एका वहीत आत्यांना मारायचे उपाय लिहिले. करायचं काही नव्हतं, मला साधी पाल मारवत नाही. पण लिहिलं की झोप लागायची. छपरावरचा भोपळा त्यातलाच, आणि त्यापुढे कंसात लिहिलं होतं, "भोपळा नंतर भाजीला वापरता येईल." वही घरात ठेवायची सोय नव्हती म्हणून गौतमीला दिली. गौतमी माझी पाबळच्या शाळेपासूनची मैत्रीण, आता शिरूरला कॉलेजात मराठी शिकवते. तिने ती जाळून टाकली.

इतकी वर्षं मला वाटत होतं की असलं सडकं डोकं जगात फक्त माझंच आहे. आता कळतंय की कुठेतरी काळोखे नावाचा माणूस आहे आणि त्याच्याही डोक्यात भोपळा आला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. त्याची म्हातारीही आमच्या आत्यांसारखीच आहे, पण तिच्यावर हसता येतं. मला एवढंच हवं आहे. हा राग आता मला पेलवत नाही. आमची लेक अपेक्षा अकरावीला पुण्याच्या वसतिगृहात गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच दिवसभर समोरासमोर असतो.

रविवार, १७ नोव्हेंबर

रविवारी दुपारी गौतमीचा फोन असतो, गेली कित्येक वर्षं. आज मी तिला बोलूच दिलं नाही. चौदा पानं वाचून दाखवली. एरवी दहा मिनिटांत तिला कसली तरी आठवण होते आणि ती फोन ठेवते, आज अगदी शेवटपर्यंत गप्प ऐकत होती.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"ठीक आहे. जरा सैल आहे भाषा."

"सैल? अगं, नागाचं पान ऐकलंस ना?"

"ऐकलं ना. तुला सगळ्यात जास्त कुठलं आवडलं? लोक नेतात का वाचायला? बायका काय म्हणतात?"

इतके प्रश्न विचारायचे आणि स्वतः मात्र एक चांगला शब्द बोलायचा नाही. प्राध्यापक झालं की माणसाला हसायची लाज वाटते बहुतेक. भोपळ्याची तिला आठवण करून दिली, म्हटलं बघ, माझ्यासारखाच विचार आहे, तर म्हणाली, "असतो गं योगायोग." तिला माझ्या आनंदाचं काही नाही याचं वाईट वाटलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आत्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दौंडला. काळा चष्मा लावून रिक्षातून उतरल्या तेव्हा एखाद्या पुढाऱ्यासारख्या दिसत होत्या. महिनाभर वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, टीव्ही नाही. दिवसातून चार वेळा थेंब. थेंब घालताना त्यांचं तोंड माझ्या दोन्ही हातांत असतं. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आत्या बसून बसून कावल्या. आज म्हणाल्या, "त्या दिशी भांडी घासताना कशाला हसलीस? सांग की, मलाबी हसाय लागू दे." दुसरं काही सुचेना, पुस्तक काढलं. मनात धाकधूक होतीच. पण चौथी शिकलेल्या, काळा चष्मा लावलेल्या बाईला काय कळणार, असं म्हणून सुरू केलं.

लसणाच्या पानावर त्या खुदकन हसल्या. घागरीच्या पानावर पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "म्हातारी खमकी हाय. नाव काय तिचं?"

"नाव नाही दिलेलं."

"न्हाई दिलं ते बरं केलं. वाच फुडं."

सत्यजीत, माझा नवरा, पहिल्या पाळीवरून आला तरी आम्ही वाचतच होतो. तो कुरकुंभला कंपनीत असतो. समोर मी अहो-जाहो करते, वहीत सत्यजीत. एवढीच मोकळीक. त्याने चहा स्वतःचा स्वतः केला आणि आम्हा दोघींकडे पाहुणे आल्यासारखा बघत बसला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज मी नागाचं वाचलं. आत्या इतक्या हसल्या की डोळ्याला त्रास होईल म्हणून मलाच थांबावं लागलं. मग स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या, भिंत चाचपत. म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

लग्नाला सतरा वर्षं होतील. हा प्रश्न या घरात मला कुणी विचारलेला आठवत नाही. मी जेवले नव्हते, पण जेवले म्हणून सांगितलं, कारण नाही म्हटलं असतं तर रडू आलं असतं.

रविवार, १ डिसेंबर

बारावा मारेकरी वाचला. हे पुस्तकातलं सगळ्यात गमतीचं प्रकरण. बाराव्याला त्याचा बाप आजारी असताना सुट्टी हवी असते, तर आखाड्याचा वस्ताद म्हणतो, "मयताची सुट्टी? अरे, मयत हा आपला धंदा. धंद्यालाच सुट्टी कशी देऊ?" मग तो गडावर येतो. म्हातारी त्याला दाराच्या तोरणासाठी फुलं तोडायला लावते. तेवढ्यात एक बोलका कावळा निरोप घेऊन येतो की याचा बाप चालला, याला ताबडतोब पाठवा. पण कावळा बसतो म्हातारीच्या डाव्या खांद्यावर आणि डाव्या कानाने ती ठार बहिरी. तिला वाटतं कावळा भाकरीच मागतोय. ती त्याला तुकडा देते. कावळा भाकरी खातो आणि निरोप विसरतो. बारावा फुलं तोडत राहतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसून हसून लोळले होते, आणि हसणं थांबल्यावरही डोळ्यांतलं पाणी बराच वेळ थांबलं नव्हतं. आज मोठ्याने वाचताना आवाजच फुटेना. आत्या हसल्या नाहीत. सत्यजीत दारात बसून नखं काढत होता, तो उठून मोटारसायकल काढून गेला. कुठे विचारलं तर म्हणाला, पेट्रोल भरून येतो. सकाळीच भरलं होतं.

आत्या म्हणाल्या, "आज बास."

संध्याकाळी सत्यजीत मला म्हणाला, "ते पुस्तक आता पुरं कर. आईच्या डोळ्याला बरं न्हाई ते." मी म्हटलं, अहो, डोळे माझे वापरतेय, त्यांचे कान. तर चिडला. तो चिडणारा माणूस नाही, पाळ्या बदलल्या की त्याची झोप बिघडते. खरं सांगायचं तर या घरात मी टिकले ते त्याच्यामुळे. अकरा वर्षांत आप्पांच्या श्राद्धाला त्याने एकदाही नाही म्हटलेलं नाही, उलट दरवर्षी स्वतः आठवण करून देतो, स्वतः गाडी काढतो. फक्त आत येत नाही. पाबळच्या घराच्या दारात गाडीपाशीच उभा राहतो. लाजाळू आहे.

मंगळवार, ३ डिसेंबर

आज काळोख्यांना पत्र लिहिलं, प्रकाशकाच्या पत्त्यावर. चार पानी झालं. त्यातलं थोडं इथे उतरवून ठेवते, कारण इतकं खरं मी बऱ्याच दिवसांत लिहिलेलं नाही.

"काळोखे सर, तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या तिसऱ्या मारेकऱ्याला मी फार वर्षांपासून ओळखते. मला वाटायचं की मी मनाने वाईट बाई आहे. तुमचं पुस्तक वाचल्यावर वाटलं की वाईट नाही, फक्त एकटी होते. आता एकटी नाही. ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांनाच मी हे पुस्तक वाचून दाखवते आहे आणि त्या हसत आहेत. तुम्ही एकदा केडगावला या. आमच्या वाचनालयात पंचवीस बायका जमवते."

खाली फोन नंबर दिला आणि शेवटी लिहिलं, "भोपळा तुम्हाला कसा सुचला, तेवढं कळवा."

रविवार, ८ डिसेंबर

गौतमीला पत्राचं सांगितलं. लगेच म्हणाली, "कशाला असलं करतेस? लेखकांना आवडत नाही. आणि त्यात काय काय लिहिलंस?" वहीचं लिहिलं का, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, तू का एवढी घाबरतेस, पत्र मी लिहिलंय. तिला हेवा वाटत असावा. इतकी वर्षं मनातलं सगळं तिलाच सांगत आले, आता दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तिला लागणारच.

गुरुवार, १२ डिसेंबर

प्रकाशकाकडच्या मुलीचा फोन आला. फार गोड बोलली. पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं म्हणाली. "काळोखे हे टोपणनाव आहे, मॅडम आहेत त्या, तुमच्याच जवळ शिरूरला राहतात. खूश होतील. नंबर पाठवते, तुम्हीच बोला." मी आनंदाने उडालेच. मोबाइल टुणकन वाजला.

त्यावर नंबर दिसत नव्हता. नाव दिसत होतं, कारण नंबर माझ्याकडे आधीच साठवलेला आहे. गौतमी.

शनिवार, १४ डिसेंबर

काल काही लिहिलं नाही. मार्गशीर्षातला गुरुवार झाल्यावर रानात फारसं काम नसतं. मी दिवसभर घर झाडत होते, झाडलेलंच पुन्हा झाडत होते.

आज शिरूरला गेले. चौफुल्याहून एसटी मिळाली, न्हावऱ्यापर्यंत मी काय काय बोलायचं ते मनात घोळवलं. उतरले तेव्हा त्यातलं एक वाक्य उरलं नव्हतं. गौतमीने दार उघडलं. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

"आधी बस तर," ती म्हणाली.

"वही जाळली होतीस ना?"

"नाही जाळवली. शितल, काय लिहिलंयस त्यात ते तुझं तुलाच कळत नव्हतं. माझ्या अख्ख्या वर्गात असं एक वाक्य लिहिणारं कुणी नाही."

"मग मला परत द्यायचीस."

"काय केलं असतंस? बंबात घातली असतीस."

घातली असती, हे खरं आहे. खरं असलं म्हणून काय झालं. माझी होती, मी घातली असती.

"मला विचारायचं तरी होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली. "आणि मी सगळं बदललंय. गड केला, राजा केला, मंत्र घातले. कुणालाही कळणार नाही. म्हातारी मुद्दाम बहिरी केली, तिला निरोप कळलाच नाही असं केलं. तुझ्या सासूला तू माफ केलं नाहीस, मी केलंय. इतकी वर्षं ऐकत आले मी, शितल. ऐकणाऱ्याचं काहीच नसतं का?"

"आणि मी फोनवर वाचून दाखवत होते तेव्हा?"

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. "पंधरा वर्षं लिहितेय मी. एक माणूस कधी माझी ओळ वाचून हसला नाही. तू हसत होतीस. फोन ठेववतच नव्हता."

मला तिची दया आली, आणि आली याचा आणखी संताप आला. म्हटलं, "मला वाटलं होतं, जगात माझ्यासारखं आणखी कुणीतरी आहे."

"आहे ना. मी आहे."

"नाही. ती मीच होते. मलाच मी भेटले आणि त्याचा आनंद करत बसले. गावभर सांगत सुटले. तुला पत्र लिहिलं मी, गौतमी. एकटी नाही म्हणून लिहिलं."

ती रडायला लागली. तिच्याकडे रडायला तरी काहीतरी होतं. मी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं, ते वाचनालयाचं आहे, आणि चालत स्टँडवर आले. एसटीला पाऊण तास होता. सगळ्या बाकड्यांवर जागा होती तरी मी उभी राहिले.

रविवार, १५ डिसेंबर

फोन वाजत राहिला. अकरा वेळा. मी उचलला नाही.

आत्यांनी विचारलं, कुणाचा गं? कंपनीचा, म्हटलं, जाहिरातीचा.

मंगळवार, १७ डिसेंबर

आत्यांचा चष्मा काल निघाला. आज दुपारी ओट्यावर बसून म्हणाल्या, "बाराव्याचं पुन्यांदा वाच. नीट ऐकाय मिळालं न्हाई."

"पुस्तक परत केलं."

"खोटं बोलू नगं. फडताळात वरच्या फळीवर हाय. मला आता दिसतंय."

मी पुस्तक काढलं, पण उघडवेना. इतके दिवस यांना हसवलं ते याच लबाडीवर. एकीने माझं चोरून लोकांना विकलं, आणि मी तेच यांच्यापुढे आणून यांना यांच्यावरच हसायला लावलं. मग म्हटलं, जे व्हायचं ते होवो. सांगितलं.

"आत्या, ही म्हातारी तुम्ही आहात. हे उपाय मी लिहिले होते. तुमच्यासाठी. आप्पा गेले त्या वर्षी."

त्या शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही. "म्हाईत हाय."

"काय?"

"पैल्या दिसापासनं म्हाईत हाय. दारात आलेल्याला लसूण सोलाय लावनारी या गावात दुसरी हाय कोन? आन् भोपळा तू खरंच छपरावर न्हेऊन ठिवला हुतास. मीच उतरवला. मला वाटलं वाळवायला ठिवला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलं हे पुस्तक तूच लिव्हलंयस. नाव दुसऱ्या बाप्याचं घातलंस. तोंडानं बोलवत न्हाई म्हून वाचून दावतीयास. म्हनलं, इतक्या वर्सांनी पोर बोलतीया तर ऐकून घ्यावं. चार शिव्या हायेत, असू द्या."

मी गौतमीचं सगळं सांगितलं. वही, जाळली म्हणाली ते, फोन, शिरूर. त्यांनी ऐकून घेतलं. शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"म्हंजी तुला माझ्यासंगं बोलायचं नव्हतंच."

खरंच नव्हतं बोलायचं. एका पुस्तकाच्या आड लपून मजा बघायची होती.

मग त्याच म्हणाल्या, "त्यात एक चुकलंय. तुझ्या मैत्रिणीला म्हाईत नसंल, तुलाबी न्हाई. म्हातारी बहिरी न्हवती."

मला आधी कळलंच नाही.

"सकाळी सातला फोन आला हुता. सत्यजीतच्या मोबाइलवर. तू खालच्या वाफ्यात हुतीस. त्यो बांधावर आला, म्हनला तिच्या बापाचं काय खरं न्हाई. म्या म्हनलं, सांग तिला, जाऊ दे. त्यो म्हनला, टेम्पो भरू दे, मग सांगतो. मानसं मिळना झाल्यात, ती गेली तर तोडनी ऱ्हाती. म्या पुन्यांदा काय म्हनलं न्हाई. मग तू इचारायला आलीस."

"आणि तुम्ही म्हणालात, फुलं तोडून जा."

"म्हनलं. तुझ्याकडं बघून म्हनवंना, म्हून खाली बघून म्हनलं."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत? मी तुम्हाला..."

"तू माझ्यावर चिडलीस तर घरात ऱ्हाशील. त्याच्यावर चिडलीस तर जाशील. अपेक्षा चार वर्सांची हुती." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आता तू वाचून दावायला लागलीस, लई ग्वाड वाटलं. म्हनलं, आता हिच्यापासनं लपवनं बरं न्हाई."

मी आत गेले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. अकरा वर्षं मी एका बाईचा द्वेष केला. रोज केला, नेमाने केला, त्याची वही केली. आणि ती ते सगळं समजून उमजून अंगावर घेत माझ्याच हातचं जेवत होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि तिचा राग पुन्हा नव्याने आला, दोन्ही एकदमच. ती पण गप्प बसलीच की. गौतमीसारखीच माझं भलं बघून.

बुधवार, १८ डिसेंबर

उद्याच्या गुरुवारची शेवंती तोडायची होती. मी रानात गेले नाही. आत्या काही बोलल्या नाहीत, बायांना घेऊन स्वतः गेल्या.

सत्यजीत साडेतीनला आला. दारात बसून बूट सोडायला लागला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "फोन किती वाजता आला होता?"

कुठला फोन, असं त्याने विचारलं नाही. एका बुटाची नाडी हातात धरून तो तसाच बसला.

"आईनं सांगितलं?"

"किती वाजता?"

"सातला." मग म्हणाला, "मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर हुईल. दुपारपर्यंत तुला सोडतोच म्हणलं हुतं मी. शप्पत."

"कुणाचा होता? दादा तर म्हणतो, त्याने दोन वाजताच केला."

त्याने सोडलेली नाडी पुन्हा बांधली. मला वाटलं दवाखान्यातल्या कुणाचा तरी असेल, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा, नर्सचा.

"आप्पांचाच," तो म्हणाला. "सोताच बोलत हुते. शितलला दे म्हणाले. मी म्हणलं, ती रानात हाय, आली की लावून देतो."

मी त्याला फक्त एवढंच विचारलं, की आवाज कसा होता. तो म्हणाला, आता आठवत नाही.